चुलीवरचा लॅपटॉप

हातखंब्याच्या तिठ्यावर उतरून कुणालाही विचारा, लग्नपत्रिका कुठं करून मिळतील? माणूस आधी रितेशच्या दुकानाचा काचेचा दरवाजा दाखवील. मग आवाज जरा खाली आणून म्हणेल, "पण मजकूर नीट पायजे आसंल तं म्हातारीकडं जा."

म्हातारी म्हणजे हौसा कळंबटे. तशी ती म्हातारी नाही. पन्नाशी नुकती ओलांडलेली, केस काळेभोर, चालताना पदर कमरेला खोचलेला, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडचा ट्रकवाला हॉर्न वाजवायचा थांबावा. म्हातारी म्हटलेलं तिला खपत नाही. तिच्या तोंडावर तसं म्हणायची कुणाची छातीही नाही.

तिचं दुकान म्हणजे सखारामच्या चहाच्या टपरीला लागून काढलेली पत्र्याची पडवी. एक टेबल, एक खुर्ची, गिऱ्हाइकाला बसायला बाक, आणि सखारामच्या मीटरवरून ओढलेल्या वायरवर चालणारा एक लॅपटॉप. हायवेचं काम निघालं तेव्हा पहिली पडवी गेली. हौसानं टेबल उचलून मागं सरकवलं. पुन्हा जेसीबी आला, पुन्हा मागं सरकवलं. शेवटी मुकादम म्हणाला, "बाई, आता मागं वहाळाचं पाणी हाय. अजून कुठं जाशील?"

"मी कनाला जाऊ? तुजा रस्ता वायच पुढं घे."

रस्ता पुढं गेला नाही, पण टेबलही हललं नाही. आजही गटाराची भिंत तिच्या टेबलाच्या पायाला वळसा घालून गेलेली दिसते.

हौसाचं माहेर लांज्याकडचं. दहावी झाल्यावर तिनं लांज्यात मराठी टायपिंगचा क्लास लावला होता. टायपरायटरच्या कळा कडक, करंगळी दुखून यायची, पण वेग चांगला आला. मास्तर म्हणाले, कोर्टात लागशील. कोर्टात लागायच्या आधी लग्न लागलं. नवरा हरिश्चंद्र मुंबईला एका कंपनीच्या कँटीनमध्ये. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आमच्या घरच्या सुना भात लावतात. यंत्रं बडवीत नाय." मग हौसा भात लावत राहिली, काजूच्या बिया गोळा करत राहिली, सासू-सासऱ्यांची आजारपणं काढत राहिली. टायपिंगचं सर्टिफिकेट पत्र्याच्या पेटीत पातळांच्या तळाशी गेलं.

सासरे गेले, सासू गेली, पोरगा अजिंक्य कॉलेज संपवून मुंबईला नोकरीला लागला. त्यानं नवा लॅपटॉप घेतला आणि कॉलेजातला जुना घरी आणून ठेवला. मराठी अक्षरजुळणीचा एक प्रोग्रॅम त्यात होता, कॉलेजच्या वार्षिकासाठी त्यानं घेतलेला. त्यातल्या कळांची मांडणी जुन्या टायपरायटरची. एका दुपारी हौसानं सहज बोटं ठेवली. मध्ये इतकी वर्षं गेली होती, पण बोटांनी तिला काही विचारलंच नाही. ती आपली आपण चालायला लागली.

पुढच्या महिन्यात सखारामच्या टपरीशेजारी टेबल आलं.

तिच्याकडं लोक यायचे ते मजकुरासाठी. पत्रिका सजवणारे पुष्कळ आहेत. पण कुणाच्या आजोबांच्या नावामागं आता कैलासवासी लावायचं, कुठल्या घरात थोरल्या भावाशी बोलणं बंद असलं तरी पत्रिकेत त्याचं नाव पहिलं लागतं, कुठल्या वाडीचा मान आधी, हे तिला ठाऊक. कागद हातात घेतला की भुवया वर. "नवऱ्यामुलाच्या मामाचं नाव कुठाय रे? मांडवात मार खाशील." माणूस ओशाळून फोन लावायचा, नाव विचारून घ्यायचा. असं तिनं कितीतरी मांडवांतली भांडणं टेबलावरच मिटवली.

आता चूल.

आमच्याकडं पावसाळ्यात काही कोरडं राहत नाही. चपलेला बुरशी येते, भिंतीला हात लावला तर हात ओला होतो, कपाटातलं पातळ घडीवरून काळं पडतं. घरात कोरडी जागा एकच, चुलीच्या वरची फळी. बियाणं तिथं, आमसुलं तिथं, सुकी मासळी तिथं, नमनाच्या खेळातला मृदंगही पावसाचे चार महिने तिथंच धुरात राहतो, म्हणजे चामडं सैल पडत नाही. हौसानं सरळ विचार केला. जी जागा मृदंगाला चालते ती लॅपटॉपला का चालू नये? ती रोज संध्याकाळी दुकान आवरून घरी आली की लॅपटॉप जुन्या पातळात गुंडाळायची आणि फळीवर ठेवायची. खाली भात शिजायचा, वर लॅपटॉप शेकायचा.

आणि गंमत म्हणजे ते चाललं. त्या पावसात गावातले टीव्ही गेले, ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर गेला, हिचा लॅपटॉप ठणठणीत. हौसा सगळ्यांना सांगत सुटली. दुसऱ्या पावसातही चाललं. तिसऱ्या पावसानंतर लॅपटॉप म्हातारा व्हायला लागला. सुरू करताना घरघर करायचा, मग टक्-टक्, टक्-टक्, मग बराच वेळ काहीच नाही. माघ सरता सरता अशी वेळ आली की गिऱ्हाइकानं चहा मागवावा, प्यावा, दुसरा मागवावा, तरी पडदा निळाच.

सखारामची चांदी झाली. तरी त्याच्या जिभेला हाड नाही ते नाहीच. एका सकाळी टपरी भरलेली, हौसा पडद्याकडं बघत बसलेली, तेव्हा तो कपबशी खाली ठेवून पुढं आला, हात जोडले आणि देवळातल्या गुरवासारखं गाऱ्हाणं घालायला लागला.

"बा देवा म्हाराजा, बारा वाडीच्या राखणदारा, आज ही आमची हौसावैनी तुज्या पायाशी उभी हाय. हिची पेटी उघडत नाय. ती बेगीन उघडू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" टपरी ओरडली.

"आनि नाय उघडली, तं पुतण्याच्या येसीत जाऊन बसायची बुद्धी हिला दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता आवाज जास्तच मोठा.

हौसा उठली. तिनं पण हात जोडले. "आनि ज्यानं ज्यानं आत्ता व्हय म्हटलंन, त्याच्या पोराच्या पत्रिकेत नवरी म्हणून सासूचं नाव छापलं जाऊ दे रे म्हाराजा!"

सगळ्यांची तोंडं कपात गेली. मग सखाराम एकटाच हळू म्हणाला, "व्हय म्हाराजा." त्याला पोरगाच नव्हता.

पुतण्याच्या एसीचं प्रकरण मात्र थट्टेचं नव्हतं. रितेश हा हरिश्चंद्राच्या थोरल्या भावाचा मुलगा. मुंबईत फ्लेक्सच्या कारखान्यात राहून काम शिकला, गावी आला आणि तिठ्यावर दुकान काढलं. मोठं छपाईचं यंत्र, काचेचा दरवाजा, आत गारवा. पोरगा वाईट नाही. पण त्याला आपलं तेच बरोबर वाटतं. त्याच दिवशी दुपारी तो आला, बाकावर बसला.

"काकी, कनाला जीव काढतेस? ह्ये डबडं भंगारात घाल. माज्याकडं ये. खुर्ची देतो, पंख्याखाली न्हाय, येसीखाली. तू मजकूर बोलायचा, पोरगी टाइप करंल."

"मी बोलायचा नि पोरगी टाइप करंल? मंग माजी बोटं काय फणसाचं गरं काढायला ठेवू?"

"तू पण कर टाइप. पण आमच्याकडं इंग्रजीतनं करतात. 'के' दाबलं की क येतो."

"मराठी लिवायला मी आधी इंग्रजी लिवू?"

"आगो, सगळं जग तसंच करतं."

"जगाला सांग, हौसा नाय करत."

रितेशनं सुस्कारा टाकला. "बरं. पण लोकांना किती दिवस थांबवणार तू? शिमगा आलाय."

हे खरं होतं. आणि नेमका तेव्हाच भागोजी आला. भागोजी गावचा मानकरी. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी कुठल्या दिवशी कुठल्या वाडीत, कुणाच्या अंगणात नाचणार, त्याची पत्रिका दरसाल काढतात, आणि ती हौसाकडंच होते. मुंबईकर मंडळी ती पत्रिका बघून रजा टाकतात. नावं मागंपुढं झाली तर होळी पेटायच्या आधी गाव पेटतं.

भागोजीनं कागद टेबलावर ठेवला, पडद्याकडं बघितलं, हौसाकडं बघितलं. "ह्या शनवारी छापून पायजे गो. तुज्यानं व्हत नसंल तं सांग. रितेशकडं देतो. घरातलंच हाय."

हौसाला ते शब्द झोंबले. सखारामनं स्टोव्ह बारीक केला.

"पत्रिका माज्या टेबलावरनं निघंल," हौसा म्हणाली. "नाय निघाली तं टेबल उलटं करीन, नि सोमवारपास्नं ह्याच्या येसीत बसेन. के दाबून क काढीन."

"सगळ्यांम्होरं बोललीस हां काकी," रितेश म्हणाला.

"कानात बोलायला मला येतच नाय."

रात्री अजिंक्यचा फोन आला तेव्हा तिनं सगळं सांगितलं. पोरगा हसला. "आई, त्यात काय! हार्ड डिस्क गेली असणार. आत फिरणारी तबकडी असते, ती झिजते. आता एसएसडी येते, त्यात फिरणारं काही नाही. ती टाक. मी पाठवतो उद्याच."

"आपल्या मशीनला बसंल ना रे?"

"बसतं गं सगळ्यांना. मी सगळ्यात भारी पाठवतो."

मुंबईहून सगळं तसंच येतं आमच्याकडं. टीव्ही, औषधं, चपला, सल्ला. माप कुणी विचारत नाही. चाकरमानी भारीतलं घेतो, ट्रॅव्हल्सवाल्याच्या हातात देतो, आणि गावातलं माणूस तिठ्यावर उभं राहून ते उतरवून घेतं. पायाला चप्पल मोठी झाली तर पुढं कापूस घालायचा. परत पाठवणं म्हणजे पाठवणाऱ्याचा अपमान. हौसाच्या घरात अशी कापूस घातलेली बरीच पायताणं होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅव्हल्सवाल्यानं पुडकं दिलं. हौसानं उघडलं तर आत च्युइंगगमच्या पट्टीएवढी एक हिरवी चिप. तिनं ती उलटीसुलटी केली. एवढ्यात तिच्या सगळ्या पत्रिका मावणार? पण पोरानं पाठवलं होतं. लॅपटॉप पिशवीत घातला आणि ती रत्नागिरीची गाडी धरून मारुती मंदिराशी उतरली.

तिथं विनीतचं दुरुस्तीचं दुकान. विनीत चाळिशीतला, चष्मा डोक्यावर सरकवून काम करणारा, बोलायला जपून. त्यानं लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले, खालचं झाकण उचललं आणि पटकन मागं झाला.

"मावशी, हे काय?"

आत काजळी. पंख्याच्या पात्यांवर काळी गादी, तारांवर तेलकट थर. आणि वास. दुकानात उभा असलेला एक कॉलेजचा पोरगा नाक धरून म्हणाला, "सुकटीचा वास येतोय!"

"सुकट नाय, बोंबील," हौसा म्हणाली. "फळीवर शेजारीच असतात."

मग तिला चूल सांगावी लागली. सगळं दुकान हसलं. हौसा हसणं संपेपर्यंत थांबली. "झालं हसून? पावसात तुमचं पायमोजं कुठं सुकवता? आमच्याकडं सगळं थितंच सुकतं. ओल नाय लागली ना आत? बग, गंज हाय काय कुठं?"

विनीतनं खरोखर वाकून बघितलं. "गंज नाही. पण धूर आणि आच दोन्ही लागलेत. डिस्कला आच सोसत नाही मावशी."

"ते आता कळलं. चूक माजी. आता ह्ये बसव." तिनं चिप पुढं केली.

विनीतनं ती बोटांत धरली, लॅपटॉपमध्ये बघितलं आणि मान हलवली. "ही बसणार नाही. हिला वेगळी खाच लागते. तुमच्या मशीनमध्ये ती खाचच नाही. हे नव्या लॅपटॉपसाठी आहे."

"बगितलंस नीट?"

"मावशी, बसवायला जागाच नाही, कुठं बसवू?" मग त्यानं आवाज मऊ केला. "खरं सांगू? हा लॅपटॉप जुना झाला. नवीन घ्या. हप्त्यानं देतो. मराठीच्या कळा तुम्हाला हव्या तशा लावून देईन."

"नि माज्या पत्रिकांचं काय? ज्या प्रोग्रॅमवर केल्या त्यो नव्यावर चालंल?"

"त्याची मूळ सीडी आहे?"

"नाय. नि बनवणारी कंपनी पन नाय उरली."

"मग नाही चालणार."

"मंग मी नवीन इचारलं तुला?" हौसा म्हणाली. "पेशंट घेऊन आले तं दुसरा नवरा दाखवतोस!"

कॉलेजचा पोरगा पुन्हा फुटला. ह्या वेळी विनीतही हसला. त्यानं चष्मा नाकावर घेतला आणि स्टूल पुढं ओढलं. "बसा. बघू काय करता येतं."

त्यानं जुनी डिस्क बाहेर काढली. एवढ्या कामाची ती वस्तू तळहाताएवढी होती, चपटी, लोखंडी. तिच्या एका कडेला मशीनला जोडायची दोन टोकांची पट्टी.

"हे बघा. पहिलं हे टोक. ह्या टोकाचीच नवी एसएसडी मिळते, ह्याच लांबीरुंदीची. दुसरं, जाडी. तुमची जुनी जाड आहे, नवी बारीक येते. बारीक असली की आत खुळखुळते, म्हणून तिच्यासोबत चौकट लावायची. तिसरं, जागा. जुनीत जेवढं सामान आहे ते मावलं पाहिजे."

"नि जोर? नवी जास्त जोराची आसंल, ह्याला सोसंल?"

"चांगलं विचारलंत. नवी जोरात धावू शकते, पण तुमचं मशीन तिला आपल्या चालीनं धावायला लावेल. बिघडत काही नाही. फक्त पूर्ण वेग मिळणार नाही."

हौसानं जुनी डिस्क हातात घेतली, तिच्या कडेवर नखानं माप धरलं. ब्लाउजच्या कापडाला धरते तसं. "म्हंजे तोंड सारखं पायजे, आंग बारीक चालंल, पोट लहान नको, नि चाल हितली."

"बरोबर."

"ह्येच माज्या पोराला म्हायती नाय, नि म्हने भारी पाठवतो." तिनं तिथंच फोन लावला. "अजिंक्य, तुजी चिप परत येतेय. न्हाय, कापूस घालून नाय बसत ती. मापाची नाय. राग मानू नको, पन पुढच्या वेळी आदी माप इचार." पलीकडून काहीतरी अजीजीचं ऐकू आलं. "मी हाय ना हितं. बगतेय मी," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

विनीतकडं मापाची डिस्क होती. पण तो लगेच कामाला लागला नाही. जुनी डिस्क त्यानं कानाशी धरून हलवली, मग दुसऱ्या मशीनला जोडली. टक्-टक् आवाज सगळ्या दुकानात आला.

"मावशी, एक सांगून ठेवतो. ही शेवटच्या श्वासावर आहे. हिच्यातलं सगळं जसंच्या तसं नवीत उतरवायचं म्हणजे हिला सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचावं लागणार. त्यात ती मध्येच बंद पडू शकते. मग प्रोग्रॅमही गेला आणि पत्रिकाही गेल्या. नाहीतर आत्ता नुसत्या पत्रिकांच्या फाइली काढून घेऊ. त्या बहुतेक निघतील. पण उघडायला प्रोग्रॅम नसेल."

हौसानं रस्त्याकडं बघितलं. बाहेर रिक्षा, शहाळ्याची गाडी, शाळा सुटलेली पोरं. तिच्या डोळ्यांसमोर रितेशची काचेच्या आडची खुर्ची उभी राहिली. गारव्यात बसायचं, कुणीतरी पोरगी के दाबणार, ही बोलणार. चुकलं की पोरगी म्हणणार, काकी पुन्हा सांगा. संध्याकाळी रितेश म्हणणार, काकी, उद्या वायच लवकर ये.

"नुसत्या पत्रिका घेऊन काय करू? भांडं काढायचं नि चूल फोडायची?" ती म्हणाली. "सगळं उतरव. मेली तं मेली. पन आपण तिला सोडली आसं व्हायला नको."

"उद्या या, करून ठेवतो."

"मी हितंच बसते."

"वेळ लागेल."

"माज्याकडं वेळच हाय. मशीन तं तुज्याकडं हाय."

ती बसली. विनीतनं काम लावलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकायला लागली, मुंगीसारखी. हौसानं तिच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि दुसऱ्या क्षणाला बघितलं. गिऱ्हाइकं आली, गेली. एका बाईनं चार्जरसाठी विनीतशी हुज्जत घातली, हौसानं त्या बाईची बाजू घेतली. विनीत म्हणाला, "मावशी, तुम्ही माझ्या दुकानात बसलाय." ती म्हणाली, "बसले म्हणून खोटं बोलू?"

मध्येच पट्टी थांबली. टक्-टक्-टक् आवाज सुरू झाला आणि थांबेना. विनीत हातातलं टाकून आला. "वाचत नाहीये. काही भाग खराब आहे."

"मंग?"

"तेवढा सोडून पुढं जायला सांगतो. पण त्या भागात काय आहे ते मला कळणार नाही. प्रोग्रॅमही असू शकतो."

"सोड."

"खात्री आहे?"

"आरे, भाताच्या पेंढ्या उचलतो तेव्हा दोन लोंब्या पडतातच. म्हणून काय शेतात झोपतो आपण? सोड, पुढं चल."

त्यानं सोडलं. आवाज थांबला, पट्टी सरकली. पुन्हा थांबली, पुन्हा सोडलं. दुपारच्या जेवणाला विनीत घरी गेला नाही. त्याच्या डब्यातली भाकरी दोघांनी खाल्ली आणि हौसानं भाजीला मीठ कमी आहे असं सांगून टाकलं. ऊन उतरायच्या सुमाराला पट्टी टोकाला लागली. विनीतनं नव्या डिस्कला चौकट लावली, ब्रशनं काजळी काढली, पंखा साफ केला, झाकण बसवलं. कळ दाबायच्या आधी त्यानं हौसाकडं बघितलं.

"दाब रे. माज्या तोंडाकडं कनाला बगतोस?"

घरघर नाही, टक्-टक् नाही. काहीच आवाज नाही. हौसाला वाटलं, गेलं. आणि तेवढ्यात पडदा उजळला. सखारामच्या टपरीत चहा उकळायला ठेवावा एवढाही वेळ लागला नाही. तिनं खुर्ची पुढं ओढली, प्रोग्रॅमच्या चित्रावर दाबलं. तो उघडला. बोटं ठेवली. *श्री ग्रामदेवता प्रसन्न* असं उमटलं, अगदी तिच्या अक्षरांत.

पत्रिकांचा एक फोल्डर मात्र खराब निघाला. दोनएक वर्षांतल्या सगळ्या लग्नपत्रिका, उघडायला गेलं की अक्षरांऐवजी नुसत्या चौकटी.

"हे परत येणार नाही," विनीत म्हणाला. "वाईट वाटतंय का?"

हौसानं क्षणभर त्या चौकटींकडं बघितलं. वाईट वाटलंच तिला. तिनं ते गिळलं. "ज्यांची लग्नं झाली त्यांना आता पत्रिका कनाला? पोरं झाली आसतील त्यांना. बारशाची करीन."

शुक्रवारी सकाळपासून टेबलाभोवती गर्दी. पत्रिका करायला कुणी आलं नव्हतं, सगळे बघायला आले होते. सखाराम चहा गाळता गाळता मान वळवून बघत होता. हौसानं भागोजीचा कागद उभा केला आणि हात चालवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी होळी, मग सहाणेच्या चौथऱ्यावर पालखी, मग वाड्या. एका ठिकाणी थांबली. "भागोजीभावजी, खालच्या वाडीचा मान वरचीच्या आधी लिवलाय तुमी. अवंदा बदललंय?"

भागोजी कागदावर वाकला. "नाय गो. हात चुकला."

"तुमचा हात चुकला, डोकी मातर गावाची फुटतील." तिनं ओळ वर घेतली.

शनिवारी पत्रिका तयार. दरसाल ती रत्नागिरीतल्या छापखान्यात जायची. ह्या वेळी हौसानं पेनड्राइव्ह पदराच्या गाठीत बांधला, भागोजीला बरोबर घेतलं आणि रस्ता ओलांडून काचेचा दरवाजा ढकलला. रितेश उठून उभा राहिला. त्यानं खुर्ची पुढं केली.

"ये काकी. ठरलं मंग? सोमवारची वाट नाय बगितलीस."

"कामाला नाय आलेय रे. काम घेऊन आलेय. गिऱ्हाईक हाय मी, पानी दे."

रितेशचा चेहरा पडला, मग त्यानं तो सावरला. पाणी आलं. पेनड्राइव्ह घेतला, पत्रिका पडद्यावर आली. त्यानं ती वरून खालपर्यंत वाचली. वाचताना त्याचे ओठ हलत होते. खाली येऊन त्यानं सवयीनं एक ओळ घातली. *रचना आणि छपाई, रितेश ग्राफिक्स.*

"ते काय?" हौसा म्हणाली.

"आपल्याकडनं जातं त्याच्यावर आपलं नाव असतंच. रीत हाय काकी."

"छपाई तुजी. छपाई लिव. रचना काढ. थितं लिव, अक्षरजुळणी, हौसा कळंबटे, हातखंबा तिठा, सखारामच्या टपरीशेजारी."

"पालखीच्या पत्रिकेवर चहाच्या टपरीचं नाव?"

"मंग तुजा पत्ता काय देवळातला हाय?"

भागोजी खोकला. त्याला घाई होती, मुंबईकरांचे फोन येत होते. "लिव रे बाबा ती सांगते तसं. वाडीचा मान जागेवर हाय, मला त्येवढंच पायजे."

रितेशनं बोटं कळांवर ठेवली. के दाबलं, क आला. मग ळ काढताना अडला, भलतंच काहीतरी उमटलं. पुसलं, पुन्हा केलं, पुन्हा भलतंच. टाइप करणारी पोरगी जेवायला गेली होती. हौसा थांबली थोडा वेळ, मग त्याला म्हणाली, "सरक." पण त्या कळा तिच्या नव्हत्या, तिलाही येईना. ती परत रस्ता ओलांडून गेली, आपल्या टेबलावर ओळ जुळवली, आणि पेनड्राइव्ह घेऊन पुन्हा आली. सगळी टपरी ते जाणं-येणं बघत होती.

यंत्र सुरू झालं. पहिली पत्रिका बाहेर पडली, गरम, शाईचा वास असलेली. हौसानं ती उभ्या उभ्या वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत.

"काकी," रितेश म्हणाला. आता आवाजात टोमणा नव्हता, खरीच काळजी होती. "आज चाललं. पन मशीन जुनंच हाय तुजं. पुढल्या साली पंखा जाईल, मंग बॅटरी जाईल. किती वेळा करशील?"

"जेवढ्या वेळा जाईल तेवढ्या वेळा. आता माप कसं इचारायचं ते म्हायती झालंय मला," हौसा म्हणाली, पत्रिका भागोजीच्या हातात दिली आणि रितेशकडं वळली. "बगत काय उभा रायलास? छाप."